बंद कंपनीवरचा दावा

कारखान्याला टाळे लागते, यंत्रे भंगारात जातात, जमिनीचा व्यवहार होतो आणि दोनचार वर्षांत कंपनी निबंधकाच्या नोंदवहीतून कंपनीचे नावही निघते. त्या कारखान्यात ज्यांनी उमेदीची वर्षे धूळ छातीत घेत घालवली, त्यांचा आजार मात्र अजून दिसायचा असतो. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग पहिल्या संपर्कानंतर बहुधा तीस-चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हेही वर्षानुवर्षे आत मुरणारे रोग. एवढ्या काळात बहुतेक खासगी कंपन्या टिकत नाहीत. कामगार किंवा त्याची विधवा वकिलाकडे जाते, तेव्हा पहिल्याच भेटीत कळते की ज्याच्यावर दावा लावायचा तो प्रतिवादीच कायद्याच्या लेखी उरलेला नाही.

या अडचणीवर अनेक देशांच्या कंपनी कायद्यांत एक उपाय आहे. गेलेली कंपनी न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा नोंदवहीत आणायची, ती कधी गेलीच नव्हती असे मानायचे आणि मग तिच्यावर दावा चालवायचा. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात हा मार्ग बराच मळलेला आहे. आपल्याकडेही तो कायद्यात आहे, पण त्यावरून चालणारे बहुधा कंपन्यांचे मालकच असतात. जखमी कामगार तिथे क्वचित दिसतो. असे का होते, हे पाहण्यासाठी तिन्ही देशांची व्यवस्था शेजारी ठेवून तपासावी लागते. माझे मत आधीच सांगून ठेवतो. निबंधकाने नाव काढलेल्या कंपनीच्या अशा पुनर्स्थापनेची मुदत आपल्या कायद्याने उदारपणे दिली आहे. तिच्यामागे जी विम्याची आणि नोंदींची व्यवस्था उभी असायला हवी, ती आपण उभारलेली नाही.

कोणीही पहिला प्रश्न विचारेल तो असा: ज्या कंपनीकडे दमडी उरलेली नाही, तिला जिवंत करून मिळायचे काय? माणूस गेला तर त्याची मालमत्ता आणि देणी वारसांपर्यंत पोहोचतात. कंपनीला वारस नसतात. वाटपानंतर काही शिल्लक राहिलेच तर ते बेवारस म्हणून सरकारजमा होते. इंग्लंडमध्ये ते राजसत्तेकडे जाते, ऑस्ट्रेलियात एसिक या कंपनी नियामकाकडे. आपल्याकडे पिअर्स लेस्ली या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये हेच तत्त्व मान्य केले. कामगाराच्या शरीराला झालेल्या इजेचे देणे मात्र अंगावर घेणारा कोणीच उरत नाही.

उत्तर विम्यात आहे. कंपनी चालू असताना तिने मालकाच्या दायित्वाचा विमा उतरवला असेल, तर ज्या वर्षांत कामगार धुळीत काम करत होता त्या वर्षांची पॉलिसी कंपनीच्या शेवटाबरोबर संपत नाही. हप्ते घेतलेले असतात, जोखीम स्वीकारलेली असते, विमा कंपनीही बहुधा धडधाकट असते. प्रश्न एवढाच असतो की विमा कंपनीचे देणे विमेदाराचे दायित्व ठरल्यावरच लागू होते, आणि दायित्व ठरवायला विमेदार न्यायालयात हवा. म्हणून कंपनीला परत आणायचे. तिच्या नावे निकाल घ्यायचा आणि तो विमा कंपनीपुढे ठेवायचा. पुनर्स्थापनेचे बहुतेक अर्ज एका जुन्या पॉलिसीपर्यंत पोहोचण्यासाठी केलेले असतात.

या संपूर्ण प्रश्नावरचा सर्वांत बोलका खटला बोल्टनचा आहे. लँकेशायरमधले हे गिरण्यांचे शहर. तिथल्या एका सूतगिरणीत काम केलेल्या बाईंना बिसिनोसिस झाल्याचे निदान १९७० मध्ये झाले. गिरणी चालवणारी कंपनी १९७५ च्या सुमारास स्वेच्छेने समापनात गेली आणि १९७६ मध्ये विसर्जित झाली. बाईंनी भरपाई मागायचे ठरवले तेव्हा कंपनी नव्हती, आणि विसर्जन रद्द करून घेण्याची कायद्याने दिलेली मुदत फक्त दोन वर्षांची होती. ती केव्हाच उलटून गेली होती. तेव्हा त्यांनी थेट ईगल स्टार या विमा कंपनीकडे पॉलिसीचे कागद मागितले. इंग्लंडमध्ये १९३० पासून एक कायदा होता, ज्यानुसार दिवाळखोर विमेदाराचे विमा कंपनीविरुद्धचे हक्क जखमी माणसाकडे येत. हाउस ऑफ लॉर्ड्सने मार्च १९८९ मध्ये सांगितले की हे हक्क विमेदाराचे दायित्व आधी सिद्ध झाल्यावरच येतात. कंपनी विसर्जित झालेली, ती परत आणता येत नाही, त्यामुळे दायित्व सिद्ध होऊ शकत नाही आणि कागदही मिळणार नाहीत. पाच न्यायाधीशांपैकी एकट्या लॉर्ड टेम्पलमन यांनी वेगळे मत नोंदवले.

निकाल वाचताना चीड येते. विमा कंपनीने त्या गिरणीचे हप्ते घेतले होते. रोग खरा होता आणि निदान सरकारी वैद्यकीय मंडळाचे होते. तरीही मधली एक कागदी व्यक्ती नाहीशी झाली म्हणून सगळी साखळी तुटली. मुंबईच्या गिरण्यांतल्या ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात ज्यांचे वडील-आजोबा राबले, त्यांना या खटल्यातली धूळ परकी वाटणार नाही.

पण इंग्लंडच्या संसदेने हे प्रकरण तिथेच सोडले नाही, हे तिचे श्रेय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संमत झालेल्या कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली. शरीराला झालेल्या इजेच्या किंवा अपघाती मृत्यूच्या भरपाईसाठी अर्ज असेल, तर विसर्जन रद्द करण्याला दोन वर्षांची मुदत लागू राहणार नाही. ही सवलत मागच्या वीस वर्षांत विसर्जित झालेल्या कंपन्यांनाही दिली. म्हणजे १९७६ मध्ये संपलेली बोल्टनची ती कंपनीही तिच्या कक्षेत आली. २००६ च्या कंपनी कायद्यात हेच तत्त्व कलम १०३० मध्ये आले आहे. इतर कारणांसाठी सहा वर्षे, शारीरिक इजेच्या दाव्यासाठी केव्हाही. अट एकच: मुदतीच्या कायद्यामुळे मूळ दावाच फेटाळला जाणार आहे असे दिसत असेल, तर न्यायालय कंपनी परत आणणार नाही.

अर्ज कोण करू शकतो, यावरही इंग्लंडमध्ये बरेच मंथन झाले. जुन्या कायद्यात ‘धनको’ असा उल्लेख होता. ज्याच्या भरपाईची रक्कम अजून ठरलेलीच नाही, तो धनको कसा? हार्वेस्ट लेन मोटर बॉडीज या कंपनीच्या प्रकरणात न्यायमूर्ती मेगरी यांनी १९६८ मध्ये या शब्दाचा अर्थ रुंद केला आणि असा दावेदारही त्यात बसवला. आता कायद्यातच संभाव्य दावेदाराचा स्पष्ट उल्लेख आहे. ही बाब आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण आपल्या कायद्यातही ‘धनको’ हाच शब्द आहे आणि कामगाराच्या विधवेला अर्ज करायचा तर तिला याच शब्दाचा आधार घ्यावा लागेल.

इंग्रजी व्यवस्था एवढ्यावर थांबली नाही. पुनर्स्थापनेसाठी वेगळा अर्ज, मग कंपनीवर दावा, मग विमा कंपनीवर दावा, ही तिहेरी पायपीट आजारी माणसाला परवडणारी नाही हे लक्षात आल्यावर २०१० चा नवा कायदा झाला आणि तो १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झाला. आता दावेदार थेट विमा कंपनीला न्यायालयात खेचू शकतो आणि विमेदाराचे दायित्व त्याच दाव्यात ठरवून घेऊ शकतो. विसर्जित कंपनी आधी परत आणण्याची गरज बहुतेक प्रकरणांत उरलेली नाही. पुनर्स्थापनेचा प्रवास शेवटी पुनर्स्थापना अनावश्यक करण्याकडे गेला, आणि मला ही दिशा बरोबर वाटते.

तरी सगळे सुटले असे नाही. पॉलिसी सापडली पाहिजे, आणि सापडली तरी त्या रोगाला तिचे संरक्षण असले पाहिजे. केप या ॲस्बेस्टॉस उद्योगसमूहाच्या प्रकरणात हेच घडले. समूहाच्या एका उपकंपनीत १९५९ ते १९६२ या काळात काम केलेल्या माणसाला ॲस्बेस्टॉसिस झाला. उपकंपनी विसर्जित झालेली होती, आणि तिच्या पॉलिसीत धुळीमुळे होणारे फुप्फुसाचे रोग वगळलेले होते. ती परत आणून काहीच हाती लागले नसते. शेवटी दावा मूळ कंपनीवर, म्हणजे केपवरच लावला गेला. उपकंपनीतल्या आरोग्य-सुरक्षेचे ज्ञान आणि त्यावरचे नियंत्रण केपकडे होते, म्हणून कामगारांची काळजी घेण्याचे कर्तव्यही तिचे होते, असे अपील न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवले.

पॉलिसी शोधण्याच्या कामी इंग्लंडने दोन गोष्टी केल्या. मालकाच्या दायित्वाचा विमा १ जानेवारी १९७२ पासून सक्तीचा आहे. आणि २०११ मध्ये विमा उद्योगाने एक शोधकार्यालय काढले, जिथे कंपनीचे नाव आणि नोकरीची वर्षे दिली की कोणत्या विमा कंपनीची पॉलिसी होती ते तपासता येते. मधे एक पाऊल मागेही पडले. विम्याचे प्रमाणपत्र मालकाने चाळीस वर्षे जपून ठेवावे असा नियम १९९८ मध्ये केला होता, तो २००८ मध्ये काढून टाकला गेला. ज्यांचा मालकही सापडत नाही आणि विमा कंपनीही सापडत नाही, अशा मेसोथेलिओमाच्या रुग्णांसाठी २०१४ च्या कायद्याने एक निधी उभा केला. निदान २५ जुलै २०१२ रोजी किंवा नंतर झालेले असावे लागते. पैसा विमा कंपन्यांवरच्या आकारणीतून येतो. ज्या उद्योगाने हप्ते घेतले आणि कागद हरवू दिले, त्यानेच एकत्रितपणे भार उचलावा, हा विचार मला या सगळ्यातला सर्वांत न्याय्य भाग वाटतो.

ऑस्ट्रेलियाचा रस्ता थोडा वेगळा. तिथे २००१ च्या कॉर्पोरेशन्स कायद्याचे कलम ६०१एएच पुनर्स्थापनेचे आहे. कंपनीची नोंदणी रद्द व्हायलाच नको होती असे एसिकला पटले तर ती स्वतः नाव परत आणू शकते. नाहीतर नोंदणी रद्द झाल्यामुळे ज्याचे नुकसान झाले आहे अशी व्यक्ती किंवा पूर्वीचा लिक्विडेटर, म्हणजे समापनाचे काम पाहणारा, न्यायालयात जातो. न्यायालयाने पाहायचे ते एवढेच, की नाव परत आणणे न्याय्य आहे का. याला वर्षांची मुदत नाही. नोंदणी का रद्द झाली होती, परत आणून काय साधणार, त्यात कोणाचे नुकसान होणार, या गोष्टी न्यायाधीश तोलतात. आदेश झाला की कंपनी मधल्या काळातही अस्तित्वात होती असे मानले जाते, जुने संचालक पुन्हा संचालक होतात आणि एसिककडे गेलेली मालमत्ता परत येते. कंपनी समापनातून गेली असेल तर पुन्हा लिक्विडेटरचा प्रश्न येतो, त्याच्या खर्चाचाही येतो.

शेजारचे कलम ६०१एजी दावेदाराच्या अधिक उपयोगाचे आहे. कंपनीचे दायित्व होते आणि नोंदणी रद्द होण्याच्या क्षणी विमा करारात ते दायित्व सामावले होते, एवढे दाखवता आले तर दावेदार कंपनीला परत न आणता थेट विमा कंपनीकडून वसुली करू शकतो. म्हणून तिथला वकील आधी हे तपासतो की विमा कंपनी माहीत आहे का. माहीत असेल तर ६०१एजी. माहीत नसेल, किंवा कंपनीच्या नावे कागद मागवायचे असतील, तर ६०१एएच. शिवाय न्यू साउथ वेल्समध्ये धुळीच्या रोगांसाठी १९४२ पासून स्वतंत्र भरपाई योजना आहे आणि १९८९ पासून स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची साक्ष वेळेत नोंदवता यावी हा अशा खास न्यायाधिकरणाचा मोठा फायदा.

ऑस्ट्रेलियाचे नाव घेतले की जेम्स हार्डीचे प्रकरण सांगावेच लागते, कारण कंपनी नोंदवहीत असूनही दावेदारांच्या दृष्टीने नाहीशी कशी होऊ शकते याचे ते उदाहरण आहे. ॲस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या आपल्या दोन जुन्या उपकंपन्या जेम्स हार्डीने फेब्रुवारी २००१ मध्ये एका फाउंडेशनच्या हवाली केल्या. सोबत सुमारे २९ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दिले आणि ही रक्कम सगळ्या दाव्यांना पुरेल असे जाहीर केले. मग समूहाने आपले मुख्यालय नेदरलँड्सला हलवले. रक्कम पुरणार नव्हती. २००४ मध्ये डेव्हिड जॅक्सन यांच्या चौकशी आयोगाने हे उघड केले. बर्नी बँटन हा हार्डीच्या कारखान्यातला जुना कामगार नाकाला प्राणवायूची नळी लावून आंदोलनात उतरला, कामगार संघटना पाठीशी उभ्या राहिल्या आणि कंपनीला नव्या भरपाई निधीचा करार करावा लागला. बँटन नोव्हेंबर २००७ मध्ये गेला. पैसे पुरेसे असल्याचे जाहीर करणाऱ्या संचालकांवर एसिकने खटला भरला आणि २०१२ मध्ये तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला.

आता आपल्याकडे.

भारतात कंपनी नाहीशी होण्याचे मुख्य दोन मार्ग आहेत, आणि भरपाई मागणाऱ्याचे नशीब कंपनी कोणत्या मार्गाने गेली यावर ठरते. पहिला मार्ग कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४८ चा, म्हणजे निबंधकाने नाव काढून टाकणे. व्यवहारात सगळे याला ‘स्ट्राइक ऑफ’ म्हणतात. हे कलम २६ डिसेंबर २०१६ पासून लागू झाले आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने वार्षिक विवरणपत्रे न भरणाऱ्या कंपन्यांवर मोहीम उघडून सुमारे सव्वादोन लाख नावे काढली. मोहिमेचा रोख बनावट कंपन्यांवर होता, आणि तो योग्यच होता. पण बंद पडलेला खरा कारखाना आणि कागदावरची खोटी कंपनी, दोघांचीही विवरणपत्रे सारखीच थकलेली असतात.

या मार्गाने गेलेल्या कंपनीसाठी कलम २५२ आहे. निबंधकाच्या आदेशाने दुखावलेली कोणीही व्यक्ती तीन वर्षांत राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे अपील करू शकते. त्याखेरीज कंपनी, भागधारक, धनको किंवा कामगार यांना राजपत्रातल्या नोटिशीपासून वीस वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. १९५६ च्या कायद्यातही वीस वर्षे होती, पण तिथे कामगाराचा उल्लेख नव्हता. २०१३ च्या कायद्याने तो घातला, ही खरोखर चांगली सुधारणा. नाव काढले तेव्हा कंपनी व्यवसाय करत होती, किंवा अन्यथा नाव परत आणणे न्याय्य आहे, यांपैकी काहीही न्यायाधिकरणाला पटले तर ते आदेश देऊ शकते. कामगाराच्या उपयोगाचा आहे तो हा दुसरा आधार, कारण कारखाना बंद होता हे त्याला नाकारायचेच नसते.

कामगाराच्या बाजूच्या आणखी काही तरतुदी वाचकाने माहीत करून घ्याव्यात. नाव काढल्यानंतरही देणी फेडण्यापुरते कंपनीचे अस्तित्व कलम २५० ने राखले आहे. कलम २४८ च्या सातव्या उपकलमानुसार संचालक, व्यवस्थापक आणि भागधारक यांचे दायित्व कंपनी जणू गेलीच नाही असे चालू राहते. आणि कंपनीने स्वतःहून नाव काढून घेतले असेल, तर प्रत्येक संचालकाने एसटीके-३ हा बंधपत्राचा नमुना भरून दिलेला असतो. नंतर उभे राहणारे कायदेशीर दावे आपण फेडू, असे त्यात लिहून दिलेले असते. हे बंधपत्र किती वकिलांनी कामगाराच्या वतीने कधी बाहेर काढले असेल? ते निबंधकाकडे पडून असते आणि त्याचा उपयोग व्हायला हवा.

दुसरा मार्ग समापनाचा, आणि इथे आपण बोल्टनच्या बाईंच्या जागी उभे आहोत. रीतसर समापन होऊन विसर्जित झालेल्या कंपनीचे विसर्जन रद्द करण्याची मुदत कलम ३५६ नुसार दोन वर्षे. शारीरिक इजेसाठी वेगळा अपवाद नाही. इंग्लंडने जी मुदत १९८९ मध्ये अन्यायकारक ठरवून बाजूला केली, ती आपण २०१३ च्या नव्या कायद्यात जशीच्या तशी ठेवली. दिवाळखोरी संहितेत लिक्विडेशननंतर विसर्जनाचा आदेश आहे, पण भरपाईसाठी कंपनी परत आणण्याची अशी तरतूद नाही. संहितेखाली कंपनी नव्या मालकाकडे गेली तर गाठ आणखी अवघड. घनश्याम मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले, की नव्या मालकाच्या मंजूर आराखड्यात नसलेले जुने दावे संपुष्टात येतात. उद्योग विकत घेणाऱ्याला मागचे ओझे नको, हा विचार समजण्यासारखा आहे. पण ज्याचे निदान पाच वर्षांनी होणार आहे त्याने आज दावा कसा नोंदवावा, याचे उत्तर संहितेत नाही.

विम्याकडे वळलो तर चित्र आणखी विरळ होते. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या कलम १४ ने मालक कंपनीचे समापन सुरू झाले की तिचे विमा कंपनीविरुद्धचे हक्क कामगाराकडे येतात असे सांगितले. मोटार वाहन कायद्यातही तसे आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यात एवढा दूरदर्शी विचार होता. पण त्याच कायद्याने विमा उतरवणे सक्तीचे केले नाही, आणि हक्क येण्यासाठी समापन हवे. नोंदवहीतून नाव काढणे म्हणजे समापन नव्हे. नाव काढलेल्या कंपनीचेही समापन करण्याचा अधिकार कलम २४८ च्या आठव्या उपकलमाने राखून ठेवला आहे, त्यामुळे कागदावर एक वळसा दिसतो. खोकणाऱ्या माणसाला एवढ्या वळशांनी नेणे हा न्याय नव्हे.

कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्यांची स्थिती वेगळी आणि पुष्कळ बरी आहे. तिथे लाभ महामंडळ देते, मालक राहिला की गेला याने फरक पडत नाही. या बदल्यात मालकावर भरपाईचा दावा करता येत नाही. वेतनमर्यादेत न बसणारे, कंत्राटदारामार्फत आलेले, हजेरीपटावर कधी नाव न चढलेले या छत्राबाहेर राहतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२३ चा भरपाई कायदा व कर्मचारी राज्य विम्याचा १९४८ चा कायदा हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. कंपनी नाहीशी झाल्यावर काय, हा प्रश्न या मोठ्या फेररचनेत सोडवता आला असता. ती संधी गेली.

नोंदींबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी नेमके सांगितले होते. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबद्दल ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने केलेल्या याचिकेवर जानेवारी १९९५ मध्ये निकाल आला. कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून पंधरा वर्षे, यांतले जे उशिराचे असेल तोपर्यंत जपाव्यात, असा आदेश त्यात आहे. पण नोंदी जपायच्या मालकाने, आणि मालकच नाहीसा झाला तर त्या कोणाकडे जाव्यात? घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो हा ब्रेक लायनिंगचा कारखाना होता, इंग्लंडच्या टर्नर अँड न्यूअल या ॲस्बेस्टॉस समूहाचा. ती मूळ कंपनी २००१ मध्ये प्रशासकाच्या हाती गेली. अशा समूहांच्या इंग्लंडमधल्या कामगारांना शोधकार्यालय, निधी, थेट विमा दावा हे सारे आज उपलब्ध आहे. मुंबईच्या कामगाराला यांतले काही हवे असेल तर आधी समुद्रापार जावे लागते.

नोंदी नसल्या की काय होते, हे झाबुआ-अलिराजपूरच्या आदिवासींनी दाखवले आहे. गुजरातच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत काम करून परतलेल्या या लोकांना सिलिकोसिस झाला. कोणाकडे नेमणूकपत्र नव्हते. वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश केला, तो गुजरात सरकारला. राजस्थानने २०१९ च्या धोरणात सिलिकोसिसच्या रुग्णाला तीन लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख अशी सरकारी मदत ठरवली. मदत मिळाली हे चांगलेच झाले. पण ज्यांनी धूळ उडवून नफा कमावला त्यांच्या जागी करदात्याने पैसे भरावे, ही व्यवस्था कायमची मानता येणार नाही.

करायला काय हवे, ते या आढाव्यातच आले आहे. शारीरिक इजेच्या दाव्यासाठी कलम ३५६ ची दोन वर्षे आणि कलम २५२ ची वीस वर्षे, दोन्ही मुदती उठवाव्यात. विमा कंपनीवर थेट दाव्याचा सर्वसाधारण हक्क द्यावा. पॉलिसींची मध्यवर्ती नोंद विमा नियामकाने सुरू करावी. कंपनी कामगाराच्या अर्जावर परत आणली जाते तेव्हा थकलेली विवरणपत्रे भरण्याची अट त्याच्या गळ्यात घालू नये. आणि एक सोपी दुरुस्ती तर नियमांत लगेच करता येईल. नाव काढण्याआधी निबंधक आयकर, अबकारी आणि सेवाकर अधिकाऱ्यांना कळवतो, त्यांची हरकत मागवतो. कामगार आयुक्त आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालय या यादीत नाहीत. कराची थकबाकी विचारली जाते आणि कामगाराची विचारली जात नाही, हे दुखते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ज्यांच्या घरात बंद कारखान्यातून आलेला खोकला आहे, त्यांनी ईएसआयचे कार्ड, पीएफचा क्रमांक, जुनी पगारचिठ्ठी, ओळखपत्र आणि क्ष-किरणांचे फोटो एका जागी ठेवावेत. सोबत काम केलेल्यांची नावे लिहून काढावीत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की ती चालू आहे, समापनात आहे की नाव काढले गेले आहे हे कळते. कर्जासाठी मालमत्ता गहाण टाकली असेल तर बँकेचे नावही कळते, आणि त्या बँकेकडे विम्याचे कागद असण्याची शक्यता असते. नाव अजून काढलेले नसेल तर वेळ घालवू नये. निबंधकाची नोटीस राजपत्रात, संकेतस्थळावर आणि नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात असेल तर एका मराठी वर्तमानपत्रातही येते. आपला दावा बाकी आहे एवढे लेखी कळवणे हरकत म्हणून पुरते, आणि त्यासाठी मुदत तीस दिवसांची असते.